पेडगावच्या वाटेवरचा ळ

परभणीहून रेल्वेने मनमाडच्या दिशेला निघालं की पेडगाव लगेच येतं. परभणीच्या अलीकडे, पूर्णेच्या बाजूला, पिंगळी आहे. पेडगाव मागे पडलं की सेलू येईपर्यंत देवळगाव अवचार आणि ढेंगळी पिंपळगाव लागतात. हा मार्ग निजामाच्या राज्यात हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने १९०० च्या सुमारास सुरू केला. तेव्हापासून या गावांची नावं इंग्रजी अक्षरांत लिहिली जाऊ लागली आणि त्या अक्षरांत पिंगळीची पिंगली झाली, देवळगावचं देवलगाव झालं. राज्याचा कारभार उर्दूत चाले. त्या लिपीतही ळ साठी अक्षर नाही, फक्त लाम आहे. म्हणजे १९४८ साली निजामी राजवट संपेपर्यंत उर्दू आणि इंग्रजी कागदांवर या गावांच्या नावांतल्या ळ ला उमटायला जागाच नव्हती. तरी तो गेला नाही. गावातल्या माणसांनी पिंगळीला पिंगळीच म्हटलं.

वेड पांघरून ज्या पेडगावला जायचं ते हे पेडगाव नव्हे. म्हणीतलं पेडगाव भीमेच्या काठावरचं, श्रीगोंदा तालुक्यातलं. परभणीचं पेडगाव म्हणीत नाही, इतिहासाच्या पुस्तकांतही ठळक नाही. पण भाषेतला एखादा ध्वनी कुठून येतो, का टिकतो आणि कुठे विरतो हे पाहायचं असेल तर उभं राहायला ही जागा फार चांगली आहे. इथून दक्षिणेला गोदावरी आहे, उत्तरेला जिंतूर ओलांडलं की वऱ्हाडाची हद्द सुरू होते, पूर्वेला नांदेडच्या पलीकडे तेलुगू मुलूख, दक्षिणेला लातूरच्या पलीकडे कानडी मुलूख, आणि परभणी शहरात पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाणारी दख्खनी उर्दू. या सगळ्यांच्या मध्ये मराठीचा ळ उभा आहे.

पेडगावच्या नावात ळ नाही. पण त्यातल्या ‘गाव’मध्ये तितकाच जुना एक बदल दडलेला आहे. संस्कृतातला ग्राम प्राकृतात गाम झाला आणि दोन स्वरांमधला म सैल होत होत नाकातला व झाला. कोकणीत आणि हिंदीत त्याचा अनुनासिक अजून ऐकू येतो, आपण तोही सोडला. नाम चं नाव झालं, आमलक चा आवळा झाला, श्यामल चा सावळा आणि कोमल चा कोवळा. शेवटच्या तीन शब्दांत म चा व तर झालाच, ल चा ळही झाला. पेडगावच्या दोन्ही अंगांना असलेल्या ळ चा माग इथून लागतो.

सगळ्यात मागचा पुरावा ऋग्वेदात आहे. त्याच्या पहिल्याच सूक्तातला दुसरा शब्द ‘ईळे’ असा उच्चारला जातो. ऋग्वेदाच्या शाकल शाखेच्या पाठात दोन स्वरांमध्ये ड आला की त्याचा ळ होतो. पुढे मात्र पाणिनीने संस्कृतचं जे रूप बांधलं त्याच्या वर्णसूत्रांत ळ नाही. पंडितांच्या भाषेतून तो असा बाहेर गेला. लोकांच्या भाषेतून गेला नाही. पालीत तो लिहिला गेला आणि आपल्याकडे सातवाहनांच्या लेखांत तो दगडावर कोरला गेला.

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत गौतमी बलश्रीचा जो प्रसिद्ध लेख आहे तो तिच्या नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातला. त्या राजाचं नाव लेखात ळ ने कोरलेलं आहे. त्याची राजधानी पैठण. गोदावरी तिथून खाली वाहत पाथरी, सोनपेठ, गंगाखेड करत परभणीच्या मुलखातून जाते, तेव्हा ही राजधानी पेडगावाला परकी नाही. इ. स. १५० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने आपल्या भूगोलात पैठणची नोंद केली ती ‘बैठन’ अशी, आणि तिथल्या राजाचं नाव दिलं ‘पोलेमाइओस’. ग्रीक लिपीत ळ नव्हता, ल होता. पिंगळीची पिंगली होण्याची ही साडेसतराशे वर्षं आधीची आवृत्ती आहे. पैठण या नावानेही तोवर मोठा प्रवास केलेला होता. प्रतिष्ठान मधला र गळला, त गळला, ष्ठ चा ट्ठ झाला, पइट्ठाण झालं. आपण आज पैठण म्हणतो तेव्हा शेवटी न नसून ण का येतो, त्याकडे पुढे वळू.

आता ल आणि ळ यांच्या वाटणीकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. मराठीत कुठे ल आणि कुठे ळ हे कुणी ठरवून दिलेलं नाही, तरी ते अतिशय काटेकोर आहे. संस्कृतात गल म्हणजे गळा आणि गल्ल म्हणजे गाल. पहिल्या शब्दात ल एकटा आहे, दोन स्वरांमध्ये सापडलेला. त्याचा मराठीत ळ झाला. दुसऱ्यात तो जोडलेला आहे. जोड सुटली, मागचा स्वर लांबला, पण ल हा ल च राहिला. मूल चं मूळ झालं. मूल्य चं आधी मुल्ल झालं आणि मग मोल. काल म्हणजे वेळ, त्याचा काळ झाला. कल्य म्हणजे सकाळ, त्याचं कल्ल झालं आणि त्यातून काल, म्हणजे आजच्या आधीचा दिवस. वेला ची वेळ झाली आणि वल्ली ची वेल. पेडगावच्या शाळेतलं पोरगं ‘काल वेळ नव्हता’ असं सहज बोलून जातं तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वी लागू झालेला नियम ते एकदाही न चुकता पाळत असतं.

हाच नियम क्रियापदांतही चालतो. गेला, आला, केलं, बसली यांतला ल कधी ळ होत नाही, कारण तो प्राकृतातल्या ‘इल्ल’ या प्रत्ययातून आलेला आहे, जोडाक्षरातून. शब्दाच्या सुरुवातीला ल ला मागे स्वर नसतो, म्हणून तिथेही तो बदलला नाही. मराठीत ळ ने सुरू होणारा शब्द नाही हे भेंड्या खेळताना प्रत्येकाने अनुभवलेलं आहे. त्याचं कारण हे असं प्राकृतात आहे.

तेल या शब्दाने मात्र अभ्यासकांना थोडं थांबवलं. संस्कृतात तैल, त्यात ल एकटा. मग आपण तेळ का म्हणत नाही? प्राकृतात पाहिलं तर तिथे ‘तेल्ल’ सापडतं. बोलणाऱ्यांनी ल आधीच दुप्पट केला होता, त्यामुळे तेल नियमाबाहेर नाही. १८७० च्या दशकात लाइपझिगच्या तरुण भाषाशास्त्रज्ञांनी आग्रहाने मांडलं होतं की ध्वनिबदलाच्या नियमांना अपवाद नसतात. अपवाद दिसला तर मधला एखादा दुवा आपल्या नजरेतून निसटलेला असतो. त्यांचं म्हणणं सगळीकडे टिकलं नाही, पण मराठीच्या ल-ळ पुढे ते चांगलं टिकतं. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे मराठीच्या घडणीवर जो मोठा ग्रंथ लिहिला त्यात असे शेकडो शब्द तपासलेले आहेत. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. मराठीच्या शिक्षकाने एकदा तरी वाचावा असा तो ग्रंथ आहे.

पेडगावच्या आसपासची जमीन काळी, कापसाची. या जमिनीवरची भाषा ऐकली तर ती ळ ने भरलेली आहे. वखराची पाळी, कोळपणी, ढेकूळ, मूळ, माळ, बाभूळ, हळद, तीळ, पोळा. संस्कृतातलं खल म्हणजे धान्य मळण्याची जागा, ते आपलं खळं. आणि तीन ऋतू: उष्णकाल चा उन्हाळा, हिमकाल चा हिवाळा, प्रावृष्‌काल चा पावसाळा. शेतकऱ्याचं वर्ष ज्या तीन शब्दांत मावतं त्या तिन्हींच्या पोटात ‘काळ’ आहे. पंडितांनी हा शब्द पुन्हा संस्कृतातून उचलला तेव्हा तो ‘कालखंड’ आणि ‘कालमर्यादा’ असा ल ने आला.

ळ कडे यायची आणखी एक वाट होती. संस्कृतातला ड. गुड चा गूळ झाला, तडाग चं तळं, षोडश चे सोळा, दाडिम चं डाळिंब. ऋग्वेदातल्या ‘ईळे’ची ही वाट, संस्कृतने सोडली, लोकांनी चालू ठेवली. मग प्रश्न येतो: सगळे ड ळ झाले असतील तर मराठीत वड, घडा, कडू, घोडा यांतला ड आला कुठून? तो ट मधून आला. वट, घट, कटु, घोटक. ट सैल होऊन ड च्या जागेवर आला, जुना ड पुढे सरकून ळ च्या जागेवर गेला. बाकावरचा एक माणूस सरकला की शेजारचा त्याच्या जागेवर सरकतो, तसं हे झालं. याकोब ग्रिमने १८२२ मध्ये जर्मन भाषांबद्दल जो नियम मांडला तो असाच साखळीचा होता: तिथे प चा फ झाला आणि ब येऊन प च्या जागी बसला. ग्रिमचा नियम जगभर शिकवला जातो. घट-घडा आणि गुड-गूळ ही आपल्या स्वयंपाकघरातली साखळी मराठीच्या वर्गात शिकवलेली मी ऐकलेली नाही, आणि ती शिकवली जावी असं मला मनापासून वाटतं.

मराठीला ळ कानडीने दिला असं सर्रास म्हटलं जातं. तमिळ, मल्याळम, कन्नड, तेलुगू या चारही भाषांत ळ आहे आणि तो फार जुना आहे, हे खरं. मराठी आणि कानडीचा सहवासही साधा नव्हे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी मराठी ओळी कोरलेल्या आहेत, आणि सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये मराठी, कानडी आणि उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांची वाक्यरचना इतकी एकसारखी झाली की जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ सालचा त्यावरचा लेख जगभरच्या भाषाशास्त्रात गाजला. मरी एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हा एकच भाषिक प्रदेश कसा आहे हे मांडलं, तेव्हाही ट-ड-ण-ळ हा जीभ मागे वळवून उच्चारायचा वर्ग त्यांच्या पुराव्यात पुढे होता. तरीही ळ ही कानडीची देणगी, हे मला पुरतं पटत नाही. कारण गुजरातीत ळ आहे, राजस्थानीत आहे, हरियाणवीत आहे, पंजाबीत आहे, तिकडे ओडियातही आहे. जिंतूरकडच्या तांड्यांवर बोलल्या जाणाऱ्या गोरमाटीत तो आहे आणि तो बंजारा समाजाने राजस्थानातून आणलेला आहे. पंजाबला कानडी शेजार कधीच नव्हता. एकट्या ल चा ळ आणि जोड ल्ल चा ल ही वाटणी या बहुतेक भाषांत सारखीच दिसते. म्हणजे ती प्राकृताच्या पोटातच झाली. ज्या काळी झाली त्या काळी प्राकृत बोलणाऱ्यांच्या घरात द्रविड बोलणारी माणसं होती का, हा मोठा प्रश्न आहे आणि सातवाहनांच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला द्रविड वळणाची भाषा पाहिली की त्याचं उत्तर ‘होती’ असं द्यावंसं वाटतं. मग शेजाराचं काम काय? माझ्या मते शेजाराने ळ दिला नाही, जपला. गंगेच्या मैदानात तो विरून गेला; हिंदीत फळ चं फल झालं, काळा चा काला झाला. मराठीच्या दक्षिणेला मात्र ज्याच्याशी बोलायचं त्याच्याही तोंडात ळ होता.

यादवकाळात हा ळ पूर्ण जोरात होता. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या त्या ग्रंथाचं नाव लीळाचरित्र. मूळ संस्कृत शब्द लीला. तोही मराठीच्या तोंडातून जाताना लीळा झाला. सकळ, निर्मळ, कुशळ, मंगळ असे शब्द त्या काळच्या गद्यात आणि पद्यात जागोजाग भेटतात. संस्कृतातून उचललेल्या शब्दालाही मराठी आपला नियम लावत होती, इतका तो जिवंत होता. गंगाखेडची जनाबाई, आणि ज्यांचं जन्मगाव आज हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी मानलं जातं ते नामदेव, दोघं याच बोलीचे. हिंगोली जिल्हा १९९९ पर्यंत परभणीचाच भाग होता, तेव्हा ही दोन्ही गावं एका जिल्ह्यातली म्हणायला हरकत नाही. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. तिथे पंजाबात त्यांचा विठ्ठल ‘बीठल’ होऊन गेला. नवा मुलूख, नवी जीभ, व चा ब.

पुढे इंग्रजी अमदानीत छापखाना आला, शाळा आल्या, पंडिती मराठी आली आणि संस्कृत शब्द थेट पोथीतून पुन्हा उतरवले गेले. त्यांचा ल तसाच ठेवला गेला. म्हणून आज आपल्याकडे एकाच शब्दाची दोन दोन रूपं आहेत आणि दोघांनी कामं वाटून घेतली आहेत. मंगळ म्हणजे ग्रह आणि वार, मंगल म्हणजे शुभ. घरातलं ते बाळ, शासनाच्या योजनेतलं बाल. विहिरीला जळ नसलं तरी योजनेच्या फलकावर जल असतं. कुळ आणि कुलगुरू, दळ आणि सेवादल, स्थळ आणि स्थलांतर. ज्या शब्दात ळ, तो तोंडातोंडी आला. ज्यात ल, तो कागदावरून आला. थोडे अपवाद सोडले तर ही खूण फसत नाही.

पेडगावाहून उत्तरेला जाऊ लागलं की ळ पातळ होतो. बुलढाणा-वाशिमकडे काळा चा काया, डोळा चा डोया, शाळा ची शाया होते. खानदेशातल्या अहिराणीतही हेच. अगदी पूर्वेला, झाडीपट्टीत, त्याचा र होतो. आगरी-कोळी किनाऱ्यावर काला, डोला. हे सगळं आळसाने होतं असं समजण्याचं कारण नाही. ळ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं आणि हवा दोन्ही बाजूंनी निघते. टोक टाळूपर्यंत न पोचता मध्येच थांबलं की य किंवा र च्या जवळचा आवाज होतो. टोक वळलंच नाही की ल होतो. एका ध्वनीतून बाहेर पडायच्या या तीन नैसर्गिक वाटा आहेत आणि तिन्ही मराठीने वापरल्या. स्पेनमध्ये दोन एल लिहून जो ध्वनी दाखवतात तो बहुतेक ठिकाणी आज य सारखा झाला आहे. पोलंडमध्ये रेघ मारलेला एल आज व सारखा बोलला जातो. वऱ्हाडी माणसाचा डोया त्याच जातीचा आहे. त्याला शेजारच्या कुठल्या भाषेची गरज लागली नाही. जिभेच्या हालचालीतूनच तो निघाला.

दख्खनी उर्दूची गोष्ट वेगळी. तिथे ळ च्या जागी बहुधा ल ऐकू येतो, कारण ती दिल्लीकडून आलेल्या भाषेचा वारसा घेऊन आली. पण परभणी-नांदेडच्या मातीत पाचसहाशे वर्षं राहून ती मूळची राहिली नाही. मराठीचा ठासून सांगणारा ‘च’ तिने घेतला. ऐसाइच, मैंच असं दख्खनीत म्हणतात, उत्तरेच्या उर्दूत म्हणत नाहीत. आपला नको तिकडे नक्को झाला. अरबीतला घशातला क उत्तरेत क राहिला, दख्खनीत तो ख कडे झुकला. आणि उलट दिशेने, फारसीतला ज़ मराठीत आला तेव्हा त्याला नवं घर शोधावं लागलं नाही. माझा म्हणताना आपण जो दाती झ उच्चारतो आणि माझी म्हणताना जो टाळूचा, ती दुहेरी सोय मराठीकडे आधीच होती. म्हणून बाजार, हजार, जोर, दरवाजा हे शब्द दाती ज च्या जागेवर सहज बसले. इतके बसले की दरवाजा चं अनेकवचन करताना दरवाजे मधला ज आपोआप टाळूकडे जातो, माझा-माझे सारखाच. परक्या शब्दाने मराठीचा नियम पाळायला सुरुवात केली की तो परका राहत नाही. च-ज ची ही दुहेरी सोय तेलुगूतही आहे, जवळजवळ त्याच नियमाने, आणि ती नांदेडच्या पलीकडून सुरू होते. ल-ळ पेक्षा या ठिकाणी शेजाराचा हात मला अधिक दिसतो.

आता तो ण. गावाकडच्या मुलाने पाणी ऐवजी पानी म्हटलं की शहरात लोक हसतात. मराठवाड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या कितीतरी मुलांनी या एका अक्षरासाठी मान खाली घातली आहे. त्या हसण्याला भाषेच्या इतिहासात काडीचा आधार नाही. ण चा नियम ळ चा सख्खा भाऊ आहे: एकट्या न चा ण झाला, जोडलेल्याचा न राहिला. संस्कृतात पानीय आहे, न आहे. प्रमाण मराठीने त्याचा ण केला. प्रतिष्ठान च्या न चा पैठण मध्ये ण झाला तोही असाच. उलट कर्ण, पर्ण, सुवर्ण या संस्कृत शब्दांत ण आहे. प्राकृतात कण्ण, पण्ण झालं आणि मराठीने त्यांचे कान, पान, सोनं केले. कान आणि पान म्हणताना ण सोडला म्हणून कुणी कुणाला अशुद्ध म्हणत नाही, कारण तो सगळ्यांनी मिळून आणि फार पूर्वी सोडला. पानी म्हणणारा तीच गोष्ट आणखी एका पायरीने पुढे नेतो. एवढाच फरक आहे. अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर विल्यम लबॉव यांनी १९६३ मध्ये दाखवून दिलं की बेटावरचे कोळी उन्हाळी पाहुण्यांपासून आपलं वेगळेपण राखण्यासाठी स्वर बदलत होते. उच्चारामागे माणसाची जागा आणि अभिमान असतो. परभणीच्या मुलाकडून तो उच्चार हिसकावून घेताना आपण त्याची जागाही हिसकावतो.

व बद्दलही असंच. इ आणि ए च्या आधीचा व मराठवाड्याच्या खेड्यांत गळतो किंवा य होतो: विहीर ची इहीर, विस्तव चा इस्तू, वेळ ची येळ. लातूर, धाराशिव आणि लगतच्या भागात रब्बीच्या उभ्या पिकात जो सण होतो त्याला लोक येळवस म्हणतात. छापील मराठीत आणि सरकारी सुट्टीच्या आदेशात तो ‘वेळ अमावस्या’ होतो. उत्तर कर्नाटकात याच सुमाराला, याच पद्धतीने शेताची पूजा करून एळ्ळ अमावस्या साजरी करतात. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ, आणि तिथे सुरुवातीचा ए बोलताना ये च होतो. येळवसचं नातं तिकडे आहे असं मानलं जातं आणि मला ते योग्य वाटतं. तसं असेल तर शिकलेल्या माणसाने येळ ऐकून त्याला गावंढळ समजून त्याची वेळ करून टाकली, आणि तिथे व मुळात नव्हताच. शुद्ध करायला गेलेल्यानेच शब्द चुकवला, ज्याला गावंढळ म्हटलं त्याचा उच्चार मूळच्या जवळ होता.

अशा गोष्टी नीट नोंदल्या गेल्या असत्या तर त्यांची खात्री करणं सोपं झालं असतं. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात वऱ्हाडी आहे, कोकणी आहे, नागपुरी आहे. पण ते सर्वेक्षण निजामाच्या हैदराबाद संस्थानात झालंच नाही. औरंगाबादपासून नांदेडपर्यंतची सगळी मराठी, पेडगावची बोली त्यात आलीच, मोजणीच्या बाहेर राहिली. ज्या मुलखातून गोदावरी वाहते, जिथे नामदेव-जनाबाई जन्मले असं मानलं जातं, त्या मुलखाच्या उच्चारांचा शंभर वर्षांपूर्वीचा नमुना त्या ग्रंथात नाही. हे नुकसान मोठं आहे आणि ते भरून निघणार नाही.

२०१० नंतरच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचं नवं सर्वेक्षण हाती घेतलं. गावोगावच्या माणसांचे आवाज ध्वनिमुद्रित झाले आणि ते महाजालावर कुणालाही ऐकता येतात. हे काम उशिरा झालं, पण झालं. आणि ते आत्ताच व्हायला हवं होतं, कारण ळ पुढे आता नवा शेजार आहे. रोमन कळफलकावर मराठी लिहिताना एल दाबलं की आधी ल उमटतो. हिंदी बातम्यांत टिळक तिलक होतात आणि बाळासाहेब बालासाहेब. निजामाच्या पन्नास वर्षांत पेडगाव परिसराचा ळ कागदावरून गेला तरी टिकला, कारण कागद फार थोड्यांच्या हातात होता. आज पडदा प्रत्येकाच्या हातात आहे आणि मूल त्याच्याकडून बोलायला शिकतं. बदल होणार म्हणून रडण्यात अर्थ नाही. गळा आणि गाल हे दोन शब्द बदलातूनच वेगळे झाले. पण लाजेपोटी सोडलेला उच्चार आणि नियमाने बदललेला उच्चार यांत फरक आहे, आणि पहिल्याला आपण जबाबदार असतो.

परभणी, जिंतूर, पाथरी, मानवत, सेलूकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मराठीच्या शिक्षकांना म्हणून एक विनंती आहे. मुलाच्या वहीतलं पानी खोडून पाणी लिहून द्या, परीक्षेसाठी ते लागतं. पण त्याला अशुद्ध म्हणू नका; पानीय पासून पाणी आणि कर्ण पासून कान कसे आले ते फळ्यावर पाच मिनिटांत लिहून दाखवा. मग त्याच मुलांना घरी पाठवा आणि आजीआजोबांना विचारून शेताच्या, विहिरीच्या, चुलीच्या वस्तूंची नावं फोनवर ध्वनिमुद्रित करून आणायला सांगा, सोबत गावाचं नाव आणि सांगणाऱ्याचं वय टिपून. आणि नोंदवहीत उतरवताना शब्द जसा कानावर पडला तसाच लिहा, सुधारून लिहू नका.